रांजणातला आवाज

संपादकांचा फोन आला तेव्हा तो मीच उचलला. ते म्हणाले, "नमस्कार काका, जरा बाईंना बोलवता का?" मी म्हटलं, बोला, बाईच बोलतेय. मग त्यांनी तीन वेळा माफी मागितली आणि तिसऱ्या माफीच्या शेवटाला जोडून लेखाची मागणी केली.

माफी मागायचं काही कारण नव्हतं. माझा आवाज पुरुषासारखा आहे, तोही खर्जातल्या पुरुषासारखा, आणि आता सत्तरी ओलांडल्यावर तर त्याला आणखी जरा घरघर आली आहे. याच आवाजावर मी आयुष्यभर जेवले. तेव्हा तो लपवायचा कशाला? लपवायचा प्रयत्न इतरांनी पुष्कळ केला. मी केला नाही.

मी वाईची. सहा वर्षांची असताना मला घटसर्प झाला आणि मिरजेच्या दवाखान्यात गळ्याला भोक पाडून मला जगवलं. ती खूण अजून आहे, हरभऱ्याएवढी. गळा बरा झाला आणि पहिल्यांदा "आई" म्हटलं तेव्हा आईच दचकली. वर्षभर वाट पाहूनही आवाज बारीक होईना, तेव्हा आत्यानं ठरवलं की दवाखान्यातून पोरीबरोबर कुणीतरी दुसरंच घरी आलंय. तिनं एक भगत आणला. त्यानं मला घोंगडीखाली बसवून मिरच्यांची धुरी दिली. तो खोकला, ते डोळे आणि घोंगडी वरून दाबून धरणारे घरातल्याच माणसांचे हात मी विसरलेली नाही. मी आत ओरडत होते आणि जितकी ओरडत होते तितका आवाज आणखी जाड होत होता. त्यामुळे धुरी आणखी वाढवली गेली. पुढे मला पाहायला पाहुणे यायचे. "मुली, नाव सांग" म्हणायचे, मी नाव सांगायचे, आणि पोह्यांना हात न लावता मंडळींना एकदम गाडीची वेळ आठवायची. असे चार वेळा पोहे उरले. पाचव्या वेळी मी आईला सांगितलं, आता पोहे करू नकोस, मी सांगलीला चालले.

सांगलीत अण्णा होते. हे आमचे लांबचे नातेवाईक, एका हायस्कुलात सायन्स शिकवायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत त्यांनी नोकरी सोडून कर्णे, माईक आणि मोटारीच्या दोन बॅटऱ्या विकत घेतल्या होत्या. लग्न, जत्रा, कुस्त्यांचा फड, जिथं माणसं जमतील तिथं अण्णा झाडावर कर्णा बांधायचे. पण नुसत्या रेकॉर्डी वाजवण्यात त्यांचं मन रमेना. त्यांच्या डोक्यात नाटक होतं, आणि तेही न दिसणारं. नटाला कपडे नकोत, रंग नको, पडदे नकोत. पाराजवळ सतरंजीचा आडोसा करायचा, अण्णा, मी आणि आणखी एक नट अशा आम्ही तिघांनी आत बसायचं, आणि नाटक झाडावरून ऐकू येणार. लोक झाडाकडे तोंड करून बसायचे. पाचशे माणसं माना वर करून एका पत्र्याच्या भोंग्याकडे बघताहेत, हे सतरंजीच्या भोकातून बघताना मला दरवेळी मजा वाटायची.

नाटकाचं नाव होतं 'खडकातला आवाज'. अण्णांनीच लिहिलेलं. इसवी सन दोन हजारात घडणारं. तेव्हा दोन हजार साल हे स्वर्ग-पाताळाइतकंच लांब होतं. डॉक्टर भास्कर नावाचे एक शास्त्रज्ञ पाटणच्या बाजूच्या डोंगरात राहतात. त्यांचं म्हणणं असं, की ग्रामोफोनच्या तबकडीवर जशा रेषा उमटून गाणं साठतं, तसा लाव्हा थिजताना त्या वेळचा प्रत्येक आवाज आपल्या काळ्या खडकात साठून राहिला आहे. फक्त सुई हवी. ते एक यंत्र बांधतात, खडकावर सुई टेकवतात, आणि माणूस जन्माला यायच्याही आधीपासून त्या दगडात कोंडलेलं काहीतरी बोलायला लागतं. म्हणतं, "मी जुना आहे. तुमच्या देवांच्या आधीचा आहे. माझं मला द्या." मग ते डॉक्टरांच्या अंगात शिरतं आणि तिथून पुढे त्यांच्या तोंडून बोलतं. शेवटच्या प्रवेशात त्यांचा मदतनीस दगड उलटा फिरवतो, तो जुना आवाज लहान होत होत परत खडकात जातो आणि डॉक्टर शुद्धीवर येतात.

डॉक्टर व्हायचे वामनराव, एका मोडलेल्या नाटक कंपनीतले. मदतनीस आणि यंत्र व्हायचे अण्णा. आणि जुना मी.

यातली कारागिरी कुणाला ठाऊक नसते म्हणून सांगते. दोन हजार सालातलं यंत्र म्हणजे पिंजाऱ्याची कापूस पिंजायची धनुकली. माईकजवळ तिची तार छेडली की असा गुंगाट निघायचा की पुढे बसलेली माणसं मागे सरकायची. खडकावरची सुई म्हणजे आमचा स्वयंपाकाचा पाटा आणि त्याला टाकी लावायची छिन्नी. पाऊस म्हणजे सुपातले जोंधळे. आणि जुना म्हणजे रांजण. माझा आवाज जाड असला तरी शेवटी माणसाचाच. तेव्हा अण्णांनी कऱ्हाडच्या कुंभाराकडून एक मोठा रांजण आणला, तो आडवा करून चुंबळीवर टेकवला, माईक आत सोडला आणि मला म्हणाले, डोकं घालून बोल. मी म्हटलं, "मी जुना आहे." बाहेर वामनराव चहा पीत होते, ते कप ठेवून उठून उभे राहिले. त्या दिवसापासून रांजण माझा. त्याला गवतात गुंडाळून, कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीत मांडीवर घेऊन मी सातारा-सांगलीचा मुलूख हिंडले. माझ्या बरोबरीच्या मुली तेव्हा मांडीवर मुलं घेऊन हिंडत होत्या.

एक नियम मात्र कडक होता. गावात पाऊल टाकल्यापासून गाव सोडेपर्यंत मी तोंड उघडायचं नाही. लोकांनी माझं बोलणं ऐकलं की नाटकातला जुना ओळखला जाणार आणि भीती संपणार. मी कंपनीची मुकी स्वयंपाकीण म्हणून वावरायचे. डोक्यावर पदर, हातात कळशी. मुक्या बाईसमोर लोक काय काय बोलतात, ते लिहायचं तर हा अंक पुरायचा नाही.

गिऱ्हाइकंही एकेक होती. साताऱ्याजवळ एका फौजदारांनी आम्हाला अडवलं. ते दिवस असे होते की कर्णा म्हटलं की सरकारला सभा दिसायची आणि मोठं भांडं म्हटलं की त्यात पत्रकं दिसायची. फौजदारांनी रांजणात हात घातला, मग काठी घातली, मग डोकं घातलं. आत काही नाही हे त्यांनी तिथूनच शिपायाला सांगितलं, आणि स्वतःचाच आवाज ऐकून थबकले. मग हळूच स्वतःचं नाव घेतलं. पुन्हा हुद्द्यासकट घेतलं. तिसऱ्यांदा शिपायाला लांब जायला सांगून घेतलं. आमचं सामान अर्ध्या तासानं सुटलं, ते केवळ मागे बैलगाड्या खोळंबल्या म्हणून. पाचगणीच्या एका शाळेत उलटंच झालं. तिथली मुलं घाबरलीच नाहीत. एक चष्म्यातली मुलगी उठून म्हणाली, लाव्हा जेव्हा पातळ होता तेव्हा तिथं जिवंत कोण राहिलं असेल बोलायला? अण्णा इतके खूश झाले की नाटक मध्येच थांबवून त्यांनी तिच्याशी वाद घातला. मी रांजणात डोकं घालून पाव तास थांबून होते.

आता मुद्द्याचं. वडूजच्या पुढे एका गावाच्या जत्रेत आमचा खेळ होता. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं त्या माणसांची नातवंडं नांदताहेत.

दिवेलागणीला खेळ सुरू व्हायचा होता. पण पाटलांनी माईक पाहिला आणि म्हणाले, आधी मानपान. जत्रेत फेटा आणि नारळ देऊन ज्यांचा ज्यांचा मान करायचा त्यांची नावं तोंडी पुकारायची गावाची रीत होती. यंदा ती कर्ण्यावरून पुकारली जाणार म्हटल्यावर कुणाचंच नाव गाळता येईना. भावकीतल्या थोरल्या घराचं घेतलं की धाकट्याचं आलं. एकाच्या नावापुढे पैलवान लावलं की दुसऱ्याच्या पुढे लावणं आलं. एकजण पुकारायचा राहिला म्हणून यादी पुन्हा वरून वाचली गेली. अण्णा बॅटरीकडे बघत होते आणि मला खुणेनं कपाळ दाखवत होते. दुसरी बॅटरी सांगलीत दुरुस्तीला होती.

व्हायचं तेच झालं. नाटक रंगलं, डॉक्टरांच्या अंगात जुना शिरला, मी रांजणात "माझं मला द्या" म्हटलं, बायकांच्या बाजूनं कुणीतरी किंकाळी फोडली, आणि शेवटच्या प्रवेशाच्या आधी कर्णा मेला. घरघरला आणि गप्प झाला. वामनराव आडोशाबाहेर येऊन तोंडानं ओरडले की डॉक्टर बरे होतात, जुना परत जातो. पण गर्दी उठली होती आणि वामनरावांचा आवाज कुणी ऐकला नाही. सकाळी आम्ही पुढच्या गावाला गेलो. आमच्या लेखी खेळ थोडा फसला. गावाच्या लेखी जुना बाहेर आला आणि परत गेलाच नाही.

आठवड्यानं वडूजच्या बाजारात त्या गावचा एक माणूस अण्णांना भेटला. हात जोडून म्हणाला, तुमचा तो जुना आमच्या भावकीतल्या एका सुनेला लागलाय. जाड्या आवाजात बोलते आणि "माझं मला द्या" म्हणते. उद्या भगत येणार आहे, धुरी देणार, वेताचे फटके देणार. पण सोडला तुम्ही, तर तुम्हीच बांधून न्या.

धुरी हा शब्द ऐकला आणि माझ्या नाकाला मिरची झोंबली. खोटं सांगत नाही.

अण्णांनी लगेच ठरवलं की जायचं, राहिलेला शेवटचा प्रवेश करायचा, जुन्याला वाजतगाजत खडकात पाठवायचा आणि सुटायचं. बॅटरी भरून आली होती. बेत चांगला होता आणि मलाही पटला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात पोचलो. भगत आला होता. दुपारी पारावर प्रवेश करायचा, त्याच्यासमोरच, असं ठरलं. मी नेहमीसारखी मुकी. भाकरीचं फडकं घेऊन त्या घरी गेले, तर सासूनं मला परड्यातला गोठा दाखवला.

ती सून, हौसा, तिथं बसली होती. वीसेक वर्षांची, अंगानं काटक, हाताला दोरी. मला वाटलं होतं वेडीपिशी असेल. ती चांगली शुद्धीत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "मुकी हाईस न्हवं? बरं हाय. तुला कुणाला काय मागावं लागत न्हाई."

मी नियम मोडला. दाराकडे बघितलं, तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "हौसा, तुझ्या अंगात काय आहे?"

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग गळ्याकडे. ती घाबरली नाही. चोर चोराला ओळखतो तसं तिनं मला ओळखलं.

"त्यो तुमी व्हय," ती म्हणाली. "आवं, माज्या अंगात काय बी न्हाई. तुमचाच आवाज काढला म्या."

मग तिनं जे सांगितलं ते असं. नवरा पलटणीत, समुद्रापलीकडे. तिकडून पत्रं यायची. सासू ती मास्तरांकडून वाचून घ्यायची आणि कनवटीला लावायची. हौसानं विचारलं की उत्तर एकच, खुशाल हाय. किती महिने तिनं विचारलं, पाया पडली, उपाशी राहिली. कुणी ऐकलं नाही. मग जत्रेच्या दिवशी झाडावरून तो आवाज आला. सगळं गाव गप्प बसून ऐकतंय हे तिनं बघितलं. दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसून तिनं गळा दाबून तसाच आवाज काढला, "माझं मला द्या." सासूच्या हातातली परात पडली. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सासूनं विचारलं, काय पाहिजे?

"पत्रं मागणारच हुते," हौसा म्हणाली. "पर तंवर भगताला सांगावा गेला. आता तुमी त्याला घालवणार. मी सुटंन. मग पुन्यांदा समदं पैल्यासारखं. माजं ऐकणार कोण?"

मी भाकरी तिथंच ठेवून आले.

अण्णांना मी आडोशाच्या मागे सगळं सांगितलं आणि म्हटलं, शेवटचा प्रवेश करायचा नाही. सतरंजी काढून टाकायची आणि लोकांना रांजण दाखवायचा. अण्णा चिडले. त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. ते म्हणाले, "कुसुम, एका गावात रांजण दिसला की आठ दिवसांत जिल्ह्याला दिसतो. हे नाटक संपेल. वामनरावांना घर आहे. तुला दुसरीकडे कोण उभं करणार आहे?"

मी म्हटलं, "मला आजवर कुणी उभं केलेलं नाही, अण्णा. मला घोंगडीखाली बसवलंय. मी तिला बसवू देणार नाही."

ते कर्णा बांधायला निघून गेले. मी होकार समजले.

उन्हं कलायच्या आधी पार भरला. हौसाला दोरीसकट आणून समोर बसवलं. तिच्या एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला भगत. भगत म्हणजे उंच, स्वच्छ धोतरातला, सावकाश बोलणारा माणूस. शेजारी शेगडी आणि मिरच्यांचं ताट तयार. आमचा खेळ फसला तर त्याचा सुरू होणार होता.

कर्णा सुरू झाला. अण्णांनी धनुकली छेडली. वामनरावांनी पहिलं वाक्य घेतलं आणि मी उठून सतरंजीची दोरी सोडली.

तो क्षण मला अजून दिसतो. झाडाकडे लागलेल्या माना एकेक करून खाली येत गेल्या. त्यांना काय दिसलं, तर एक पिंजाऱ्याची धनुकली, एक पाटा, एक सूप, दोन पुरुष आणि आडव्या रांजणाजवळ मुकी स्वयंपाकीण. मी रांजणात डोकं घातलं आणि म्हटलं, "मी जुना आहे." झाडावरून तो गरजला. मग डोकं बाहेर काढून, माईक हातात घेऊन म्हटलं, "आणि ही मी. वाईची कुसुम. हा आवाज माझा आहे. लहानपणी गळा कापला होता, ही खूण. यात भूत नाही. मलाही धुरी दिली होती. धुरीनं आवाज गेला नाही. ऐका, अजून आहे."

कुणीतरी हसलं. पुढची दोन मुलं रांजणाकडे सरकली. मला वाटलं, जिंकलं.

भगत सावकाश उठला. तो हुशार होता. माझ्याशी वाद घालायला आलाच नाही. रांजणाभोवती एक फेरी मारली आणि लोकांना म्हणाला, "बघितलं का? त्यो ह्या रांजणात ऱ्हातो. बाई खोटं बोलत न्हाई, बाईला ठावंच न्हाई." आणि हातातला सोटा उचलून त्यानं रांजणावर घातला.

माईक जवळच होता. फुटल्याचा आवाज झाडावरून असा आला की गुरं दावी तोडायला लागली. खापऱ्या माझ्या पायाशी आल्या. तो कऱ्हाडचा रांजण मी दोन वर्षं मांडीवर वागवला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याच्यासाठी, हे कबूल करते.

"गेला," भगत म्हणाला. "ज्याचं घर फुटलं त्यो गेला. सून मोकळी झाली. सोडा तिला."

सगळ्या पारानं श्वास सोडला. हौसाची दोरी सुटली. शेगडीवर कुणी पाणी ओतलं. अण्णा माझ्याकडे बघून मान हलवत होते, की पुरे, आता गप्प राहा. आणि खरंच, तिथं थांबता आलं असतं. हौसाला फटके बसणार नव्हते. भगताचा मान राहिला होता. आमचं नाटकही वाचलं असतं, कारण लोकांनी रांजण पाहूनही भूतच पाहिलं होतं. सगळ्यांचं भलं झालं होतं. फक्त हौसा उठून सासूच्या मागे घराकडे निघाली होती, मान खाली घालून, पहिल्यासारखी.

मी माईकची वायर ओढत तिच्यामागे गेले. वाटेत भगतापुढे माईक धरला आणि म्हटलं, "तो गेला ना? नक्की?"

"गेला म्हन्तो न्हवं," तो म्हणाला.

"म्हणजे आता ही बोलेल ते हौसाच बोलेल. तुम्हीच सांगितलंत, सगळ्यांसमोर."

त्याला डाव कळला, पण शब्द तोंडातून गेला होता आणि तो कर्ण्यावरून गेला होता. मी माईक हौसाच्या तोंडापुढे धरला. ती आधी गळा दाबून तोच जाडा आवाज काढायला गेली, सवयीनं. मी मान हलवली. तुझा, म्हटलं.

तिचा आवाज बारीक होता, जरा फाटका. तो झाडावरून आला तेव्हा तिनंच दचकून वर बघितलं.

"मी हौसा बोलतीया," ती म्हणाली. "माज्या अंगात कोण न्हवतं आन् न्हाई. माज्या मालकांची पत्रं येत्यात. मला कुणी दावत न्हाई. माजं मला द्या."

हे वाक्य माळाच्या रस्त्यापर्यंत गेलं. लांब मळ्यातली मोट थांबली. आता कुणालाच म्हणता येत नव्हतं की हे ती बोलत नाही. तिनं तेच पुन्हा एकदा म्हटलं, आणि या वेळी तिनं वर बघितलं नाही, सासूकडे बघितलं.

मग सासूनं कनवटीचा पुडका काढला. सात पत्रं होती, हळदीच्या हातांनी पिवळी झालेली. ती हौसाच्या हातात देताना म्हातारी जे बोलली ते माईकमध्ये गेलं नाही, पण मी जवळ होते. ती म्हणाली, "समद्या पत्रांत पैली तूच. आई शेवटाला. एका वळीत." तिचा राग मला तेव्हाही आला आणि आजही येतो. पण त्या वाक्यानंतर मी तिला शिव्या देऊ शकले नाही.

अण्णांचं म्हणणं खरं ठरलं. आठ दिवसांत रांजणाची हकीकत आमच्या पुढे पुढे पळायला लागली. कोरेगावला खेळ सुरू व्हायच्या आधीच लोक ओरडले, बाई दाखवा. 'खडकातला आवाज' तिथं संपला. अण्णा पुन्हा शिकवायला गेले. त्यांनी माझ्याशी वर्षभर अबोला धरला आणि मग एका दिवाळीला फराळाचा डबा घेऊन स्वतःच आले. वामनरावांचं मात्र मला कायमचं वाईट वाटतं. त्यांना पुन्हा तसं काम मिळालं नाही. मी पुढे सिनेमाच्या जाहिराती पुकारल्या, कुस्त्यांचे निकाल सांगितले, सहकारी कारखान्यांच्या सभा चालवल्या. बाईनं माईकवर एवढा जाड आवाज काढू नये असं मला किती शहाण्यांनी सुचवलं. मी त्यांना माईक बंद न करता उत्तर द्यायचे. त्या पारावर जे केलं ते पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा करीन, फक्त रांजण आधी बाजूला ठेवीन.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. गर्दी पांगली, अण्णा कर्णा उतरवत होते, आणि हौसा पुडका घेऊन पाराच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसली. तिला वाचता येत नव्हतं. मास्तरांकडे जायचं नव्हतं. तिनं पत्रं माझ्या मांडीवर ठेवली, जिथं एरवी रांजण असायचा.

मी पहिलं उघडलं. "सौ. हौसास अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे. इकडे वाळू फार. पाणी दिसत नाही तेव्हा आपल्या विहिरीची आठवण येते आणि विहिरीवर तू दिसतेस. तांबडी गाय व्याली का ते कळव." एका बाईला तिच्या नवऱ्याचं पत्र या असल्या घोगऱ्या आवाजात वाचून दाखवायची मला लाज वाटायला लागली. आयुष्यात पहिल्यांदाच वाटली. मी गळा आवळून आवाज जमेल तितका बारीक केला.

हौसानं डोळे मिटले होते. ते न उघडता तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बारीक करू नगासा," ती म्हणाली. "त्यांचा बी असाच हाय."

मग मी सातही पत्रं पहिल्यापासून वाचली, आहे त्या आवाजात.